ठोसा चौकटीत की चौकटींच्या मध्ये?

सुपरहिरोंच्या कॉमिक्समधली मारामारी म्हणजे भराभर पाने उलटून संपवायचा भाग, असे बहुतेक वाचक धरून चालतात. तसे न मानणारी दोन माणसे माझ्या जवळची आहेत. नात्याने मामा-भाची. मामांनी हयातभर जाहिरातींसाठी चित्रे काढली. भाची चित्रपटांचे संकलन करते. एकच पान दोघांसमोर ठेवले, तर मामांची नजर आधी खांदा, कंबर, मूठ यांवर जाते आणि भाची आधी चौकटींचे आकार पाहते. त्यांच्यातला वाद जमेल तसा नीट लावून इथे देतो आहे. मला भाचीचे पटते, पण सगळे नाही. जिथे राहवले नाही तिथे मध्ये बोललो आहे.

भाची : मामा, एकदा सरळ सांग. मारामारीच्या पानात तुला मांडणी दिसते की नाही?

मामा : दिसली तर ती मारामारी फसली, असं मी म्हणेन. वाचकाला ठोसा दिसला पाहिजे. चौकटी किती, त्यांच्या कडा कशा, हे ज्याच्या नजरेत आधी भरतं तो गोष्टीतून बाहेर पडलेला असतो.

भाची : पण ठोसा दिसतो कुठे? एका चौकटीत हात मागे गेलेला असतो. पुढच्या चौकटीत समोरचा भिंत फोडून पलीकडे पडलेला असतो. मूठ हनुवटीला लागते तो क्षण पुष्कळदा कागदावर नसतोच. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत तो आपणच घडवतो. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये या पट्टीचा फार बारकाईने विचार केलाय. आणि आमच्या कामात तर हे रोजचंच. पडद्यावर नटाला खरा ठोसा बसत नाही. कॅमेऱ्याचा कोन आणि कट मिळून तो बसवतात. कट चार फ्रेम उशिरा पडला की प्रेक्षकाला कळतं, हात लागलाच नाही.

मामा : सिनेमात नट हाडामांसाचा असतो म्हणून तुम्हाला लपवाछपवी करावी लागते. चित्रकाराला ती कशाला? जॅक कर्बी घे. जो सायमनबरोबर त्याने १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका आणला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. आतली पानं बघ. कॅपचा पाय आपली चौकट सोडून बाहेर येतो, हात कडेवरून पुढे जातो. हा माणूस न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये गल्लीतल्या मारामाऱ्या करत वाढला होता. वजन कुठल्या पायावर येतं, खांदा कधी फिरतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्या एकाच फिगरमध्ये ठोशाच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही असतं. तुझी ती पांढरी पट्टी त्याला लागते कशाला?

भाची : तू आत्ता जे सांगितलंस ते मांडणीचंच वर्णन झालं. कडेबाहेर आलेला पाय जोरदार वाटतो, कारण तिथे कड आहे. कोऱ्या कागदावर तोच पाय काढ, निम्मा जोर जाईल. आणि हाच कर्बी साठच्या दशकात मार्व्हलमध्ये काय करतो? कडा मोडणं जवळजवळ सोडूनच देतो. ‘फँटॅस्टिक फोर’च्या १९६४ मधल्या पंचविसाव्या अंकात हल्क आणि थिंगची झुंज सुरू होते. शहरभर पसरलेली झुंज, पण चौकटी सरळ, आयताकृती, ओळीने लावलेल्या.

मामा : मग? ती झुंज कमी पडते?

भाची : मुळीच नाही. म्हणून तर विचारते, कडा मोडणं त्याने का सोडलं असेल?

मामा : कारण त्याला गरज उरली नाही. फिगरमध्येच एवढी ताकद आली की चौकट साधी ठेवणंच शहाणपणाचं. आणि एक लक्षात घे. मार्व्हलच्या पद्धतीत लेखक स्टॅन लीबरोबर कथानक ठरलं की पानं कर्बी पाडायचा, संवाद नंतर भरले जायचे. किती चौकटी, कुठे काय, हे त्याच्याच हातात होतं. तरीही त्याने साधी चौकट निवडली. मांडणी मागे सरली आणि माणूस पुढे आला. माझंच म्हणणं झालं ना हे!

भाची : माझं वाचन वेगळं आहे. त्या झुंजीत थिंग कमजोर आहे. हल्क त्याच्यापेक्षा कितीतरी बलवान, आणि मदतीला धड कोणी नाही. थिंग मार खातो, उठतो, पुन्हा खातो, पुन्हा उठतो. चौकटी साधारण सारख्या असल्यामुळे कुठलाच ठोसा निर्णायक वाटत नाही. वाचक मनातल्या मनात हिशेब ठेवायला लागतो: अजून उभा आहे, अजून उभा आहे. एखादा ठोसा अर्ध्या पानाचा काढला असता तर वाचकाला वाटलं असतं, संपलं. थिंगचा चिवटपणा सारख्या चौकटींनी तयार झालाय. नुसत्या फिगरने तो दिसला नसता, कारण चिवटपणा एका चित्रात मावत नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, कारण दोघेही ती विसरले. १९६७ च्या सुमारास अमेरिकन कॉमिक्सच्या मूळ चित्रांचा कागद लहान झाला. आधी तो साधारण १२ बाय १८ इंच असे, पुढे १० बाय १५ झाला. त्यानंतरच्या कर्बीच्या पानांवर चौकटी कमी होतात आणि मोठ्या होतात. कर्बी काय विचार करत होता याचा शोध घेताना त्याच्या टेबलावर काय होते तेही पाहायला हवे.

मामा : कागदाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी वेताळ मराठीत यायचा, टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये. ती मूळची वर्तमानपत्रातली चित्रमालिका, ली फॉकची, १९३६ पासूनची. रोज एक पट्टी, पट्टीत तीन-चार चौकटी. त्या पट्ट्या जुळवून कॉमिक्सची पानं बनवलेली असत. आता वेताळ मारामारी कशी करतो आठव. एक ठोसा, समोरचा आडवा, जबड्यावर त्याच्या अंगठीने उमटलेली कवटीची खूण. लांबलचक झुंज क्वचितच.

भाची : कारण पट्टीत जागाच नाही!

मामा : हो, एवढं मी मान्य करतो. रोजच्या तीन चौकटींत झुंज रंगवायला बसलं तर आठवडा जाईल, आणि बुधवारी पेपर उघडणाऱ्याला काय चाललंय ते कळणार नाही. म्हणून एका ठोशात काम. माझ्या मते त्या अंगठीची खूण सुचण्यामागेही थोडंफार हेच असावं. मारामारी दाखवायला जागा नसेल तर तिची खूण तरी मागे राहिली पाहिजे. पण यावरून मांडणी थोर ठरत नाही. जागेने घातलेली अट आणि कलावंताची करामत या वेगळ्या गोष्टी आहेत.

भाची : बरं, करामतीकडे येऊ. स्टीव्ह डिट्को. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा तेहेतिसावा अंक, फेब्रुवारी १९६६.

मामा : ती मारामारी नाही.

भाची : आहे. समोर माणूस नाही एवढंच. स्पायडर-मॅन एका प्रचंड यंत्राखाली सापडलाय, पाणी आत येतंय, आणि मे काकूचा जीव वाचवणारं औषध हाताच्या अंतरापलीकडे पडलंय. तो धडपडतो, हरतो, पुन्हा जोर लावतो. ही झुंज पानांमागून पानं चालते. आधी चौकटी लहान. यंत्र वरून दाबतंय आणि खाली माणूस कोंबल्यासारखा. त्याच्या मनात काकू येते, मेलेला काका येतो. मग जसजसा जोर लागत जातो तसतशा चौकटी वाढतात. शेवटी अख्खं पान एकाच चित्राचं: यंत्र उचललं गेलंय. मामा, त्या चौकटी सगळ्या एकाच मापाच्या करून बघ. चित्रं तीच, संवाद तेच. यंत्र हलकं होईल.

मामा : तिथे डिट्कोने बोटं कशी काढली आहेत ते तू बोलत नाहीस. मान कशी खाली गेली आहे, पाठीचा कणा कसा वाकला आहे. मी जाहिरातीत ओझं उचलणारे हमाल काढले आहेत. ओझं खरं वाटायला पाहिजे असेल तर ते डोक्यावर मोठं काढून भागत नाही, मानेत काढावं लागतं. ती मान नसती तर तुझं अख्खं पान रिकामं वाटलं असतं.

भाची : मानेबद्दल वाद नाही. पण त्या मानेसाठी वाचकाला इतका वेळ थांबवून ठेवलं कोणी?

यावर मामा काही बोलले नाहीत, म्हणून मी बोलतो. या प्रसंगात जे मला पुन्हा पुन्हा ओढते ते असे: मोठी होत जाणारी चौकट वाचकाला मोकळे करत नाही, आधी ती यंत्रच मोठे करते. जागा वाढली की ओझे वाढते. मग शेवटच्या पानावर त्याच मोठेपणाचा अर्थ उलटतो आणि तो स्पायडर-मॅनच्या पदरात पडतो. मला हे सुपरहिरो कॉमिक्समधले सर्वांत चांगले काम वाटते, आणि त्यात शत्रू एक लोखंडी यंत्र आहे.

मामा : मग मोठ्या पानाचाच विषय काढू. १९९२ चा सुपरमॅनचा मृत्यू. त्यातले शेवटचे चार अंक, चार नियतकालिकं. पहिल्यात, म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’च्या अंकात, पानावर चार चौकटी. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये तीन. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये दोन. आणि शेवटच्या ‘सुपरमॅन’ ७५ मध्ये एका पानावर एकच चित्र, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. डॅन जर्गन्स आणि ब्रेट ब्रीडिंग यांचं काम. चार, तीन, दोन, एक. सुपरमॅनच्या आयुष्याची उलटी मोजणी पानावर लावलेली. मांडणीचं एवढं उघड उदाहरण दुसरं नसेल, आणि मला ते आवडतं. तू काय म्हणतेस?

भाची : मला मोजणी आवडते, शेवटचा अंक आवडत नाही.

मामा : का गं?

भाची : कारण त्या अंकात ठोसे आहेत, मारामारी नाही. प्रत्येक पान मोठं, त्यामुळे कुठलंच पान मोठं नाही. डूम्सडे या राक्षसाने मारलं, पान. सुपरमॅनने मारलं, पान. एका ठोशाचा पुढच्या ठोशाशी संबंध काय ते कळत नाही. कोण दमला, कोणाचा पाय घसरला, कोणाला संधी मिळाली, हे सगळं लहान चौकटींचं काम, आणि ते करायला तिथे कोणीच नाही. याच्या पाच वर्षं आधी, १९८७ मध्ये, वॉल्ट सायमनसनने ‘थॉर’च्या ३८० व्या अंकात जवळजवळ अख्खी लढाई अशीच पूर्ण पानांवर रचली होती. पण तिथे समोर पृथ्वीला वेढून बसणारा सर्प होता. त्याच्यापुढे थॉर इवलासा दिसायला मोठं पानच हवं. शिवाय मृत्युदेवता हेलाच्या शापाने थॉरची हाडं ठिसूळ झालेली. एवढ्या मोठ्या पानावर एवढा मोडका माणूस! त्या आकाराला कारण होतं. डूम्सडे सुपरमॅनच्याच मापाचा. तिथे मोठं पान नुसता आवाज चढवतं.

मामा : तू टेबलावर पान ठेवून तपासते आहेस. मी ते वाचलं तसं सांगतो. त्या झुंजीत डावपेच असणारच नव्हते. डूम्सडेला विचार नाही, बोलणं नाही, हेतू नाही. सुपरमॅनची हुशारी तिथे निकामी आहे. कारणं आणि परिणाम जोडणाऱ्या चौकटी एकेक करून काढून घेतल्या आणि शेवटी उरलं काय? मारणं आणि मार खाणं. आणि पान उलटायचं काम वाचकाचं. पुढचा ठोसा बसायला हवा असेल तर मीच पान उलटलं पाहिजे. शेवट काय होणार ते अंकाच्या नावापासून जगाला माहीत होतं, तरी मी उलटत गेलो. त्या अंकाने मला असं कामाला लावलं.

भाची : हे मला आधी कधी असं दिसलं नव्हतं.

मामा : मग मान्य?

भाची : अर्धं. पान उलटणं म्हणजे ठोसा, हे मान्य. पण बघ, तू आता पूर्णपणे मांडणीबद्दल बोलतो आहेस. जर्गन्सच्या फिगरबद्दल एक शब्द काढला नाहीस.

मामा : त्या अंकात फिगर माझ्या आवडीच्या नाहीत, म्हणून.

भाची : मग तर माझी बाजू आणखीच भक्कम झाली. बरं, आता तुझ्या नावडत्या पुस्तकाकडे. ‘वॉचमेन’.

मामा : नावडतं नाही. त्यातल्या मारामाऱ्या थंड वाटतात एवढंच. नऊ चौकटी, नऊ चौकटी, पान संपेस्तोवर नऊ चौकटी.

भाची : थंड आहेत, कारण त्या मारामाऱ्यांकडे तसंच बघायचं आहे. पाचव्या अंकाचं उदाहरण घे. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्सने तो अंक आरशासारखा रचलाय. पहिलं पान आणि शेवटचं पान एकमेकांची प्रतिबिंबं, दुसरं आणि शेवटून दुसरं तशीच, असं करत मध्याकडे. आणि अगदी मध्यावरच्या दोन पानांवर ओझिमँडियास या पात्रावर हल्ला होतो, तो मारेकऱ्याला फटकावतो. दोन पानं मिळून एक रचना, आणि फटका ठीक मधोमध. वाचताना वाटतं, काय देखणा फटका! पुढे कित्येक अंकांनी कळतं की मारेकरी त्याने स्वतःच नेमला होता. सगळं ठरवलेलं होतं. आता परत मागे जा आणि ते मधलं पान बघ. खऱ्या मारामारीत कोणी इतकं मधोमध उभं राहत नाही. पात्रं खोटं बोलत होती, आणि मांडणीने तेव्हाच खरं सांगून ठेवलं होतं. हे फिगरने झालं असतं का? फिगर तर उत्तम नट आहे. तो खरोखर हल्ला झाल्यासारखाच वागतो.

मामा : हं. हे मला लागलं. त्या फटक्यात मला नेहमी काहीतरी पुतळ्यासारखं वाटायचं आणि मी तो गिबन्सचा दोष धरत होतो.

भाची : दोष ओझिमँडियासचा.

मामा : ठीक. पण मला आता उलट बाजूचं दाखवायचं आहे. जे. एच. विल्यम्सची बॅटवूमन, २००९ मधली. मुखवट्याशिवायचं तिचं आयुष्य साध्या चौकटींत, आणि ती बॅटवूमन झाली की दोन-दोन पानं एकत्र, कडा तुटक्या, चौकटी वटवाघळाच्या आकारात. कलाकुसर इतकी की लग्नपत्रिकेच्या महिरपीसारखी आधी तीच बघावी. आणि आत चाललेली मारामारी? कोणी कोणाला आधी मारलं हे शोधायला मला पान दोनदा बघावं लागतं. मांडणी नायक झाली की हे होतं.

भाची : तिथे पान वाचायचा क्रम अवघड आहे, हे खरं. पण मुखवटा घातल्यावर जगच बदलतं, ही तिची गोष्ट आहे. साध्या चौकटींत ती दुखावलेली, पुढे काय करावं हे न कळणारी बाई आहे. वटवाघळाच्या आकारात शिरल्यावर तिला मोकळं वाटतं. मारामारी तिला हवी असते. नीटनेटक्या चौकटींत लढवली असती तर तिचा हा आनंद कुठे दिसला असता?

मामा : दिसला असता. चेहऱ्यावर.

भाची : चेहऱ्यावर मुखवटा आहे.

मामा : मग हनुवटीवर. माझं ऐक, मी एक कसोटी सुचवतो. आजकाल कॉमिक्स फोनवर वाचतात. काही अ‍ॅपमध्ये एकेक चौकट पडदाभर दिसते, बोट लावलं की पुढची. म्हणजे पान गेलं. जी मारामारी तिथेही टिकते ती चित्राच्या जोरावर टिकली. जी मरते ती मांडणीच्या आधाराने उभी होती. आपली सगळी उदाहरणं यातून काढ.

भाची : काढते. हल्क आणि थिंग टिकतील. चौकटी तशाही सारख्याच होत्या. ‘वॉचमेन’च्या नऊ चौकटी टिकतील, पण पाचव्या अंकाचा मध्य जाईल. बॅटवूमन पार मोडेल. सुपरमॅनची गंमत बघ: शेवटचा अंक जसाच्या तसा राहील, पण चार-तीन-दोन ही मोजणी पुसली जाईल, कारण फोनवर पहिल्या अंकापासून सगळंच पडदाभर. म्हणजे तुझा आवडता शेवट तिथे शेवट राहणार नाही. आणि डिट्को मेला.

मामा : डिट्को का? ती मान आहे की.

भाची : मान आहे. पण लहान चौकटही पडदाभर, मोठी चौकटही पडदाभर. यंत्राचं वजन वाढायला जागाच उरली नाही. माणूस पहिल्यापासून सुटलेला.

मामा : थांब. हे मला पटतंय आणि आवडत नाहीये. म्हणजे फोनवर तसा प्रसंग कोणी काढूच शकणार नाही?

भाची : चौकट-चौकट करून नाही. पण कोरियन वेबटूनसारखी उभी पट्टी असेल, खालून वर सरकवत वाचायची, तर वेगळा विचार करता येईल. मोठेपणा जाईल, लांबी येईल. आधी नुसतं यंत्र. बोट सरकवलं, यंत्रच. पुन्हा सरकवलं, अजून यंत्रच. माणूस कुठे आहे तेच दिसत नाही. मग एकदम तळाशी तो.

मामा : आणि उचलणं? वाचक तर खालीच जातोय. उचलायला वर जायला नको?

भाची : नजर खाली जाते, पण चित्र कुठे जातं?

मामा : वर. अंगठा वर ढकलतो आणि चित्र वर सरकतं.

भाची : म्हणजे यंत्र वाचकाच्या अंगठ्याने वर जातंय.

मामा : अरे! मग तो तळाशी नुसता सापडून चालणार नाही. तिथून पुढे त्याचं उठणं काढलं पाहिजे, तुकड्या-तुकड्यांनी. दर वेळी अंगठा ढकलला की गुडघा थोडा सरळ. किती पडदे यंत्र ठेवशील आधी?

भाची : सात.

मामा : सात फार झाले, लोक कंटाळून सोडून देतील. चार ठेव. आणि चौथ्याच्या खालच्या कडेला चार बोटांची टोकं दिसू दे, लोखंडाला घट्ट धरलेली. ती मी काढून देतो.